एम्ब्रियोनिक स्टेम सेलवर काम करणं शरीयतमध्ये जायज आहे का? १२० दिवसांचा हिशोब नक्की कसा धरायचा?

बायोटेक_विद्यार्थिनी

अस्सलामु अलैकुम आणि सगळ्यांना नमस्कार. एमएस्सी झालंय, पीएचडीसाठी एका लॅबमध्ये जागा मिळतेय. काम असं की स्टेम सेलपासून हृदयाच्या स्नायूपेशी बनवायच्या आणि त्यांच्यावर नवीन औषधं तपासायची, म्हणजे औषध माणसाला द्यायच्या आधीच कळेल की ते हृदयाचे ठोके बिघडवतंय का. काम मला मनापासून आवडलंय, पण पेशी एम्ब्रियोनिक आहेत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या मानवी गर्भातून (एम्ब्रियोतून) घेतलेल्या, लॅबमध्ये वाढत राहणारी एच९ नावाची लाइन. घरी सांगितलं तर मामू म्हणाले की गर्भ मारून काढलेल्या पेशी आहेत, हात लावू नकोस, आणि मैत्रीण म्हणते की गर्भात १२० दिवसांच्या आत रूहच (आत्मा) नसते तर प्रश्न येतोच कुठे. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पुरतं पटत नाहीये. मामूंना मी उडवून लावू शकत नाही, त्यांनी मला लहानपणापासून दीन शिकवलाय, आणि मैत्रिणीचं उत्तर इतकं सोपं आहे की त्याचीच भीती वाटते.

विचारायचंय ते असं, की उलेमांनी (धर्माच्या विद्वानांनी) यावर नक्की काय म्हटलंय, पेशी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी काढलेल्या असतील तर काही फरक पडतो का, आणि उद्या यातून कंपनीने प्रॉडक्ट विकलं तर त्याचं काय. कृपया कुणी वाचून-शिकून बोलणारं असेल तर सांगा, नुसतं हराम किंवा हलाल एवढं लिहून जाऊ नका.

फिकहचा_तालिब

वालैकुम अस्सलाम ताई. प्रश्न बरोबर विचारलात. मी मुफ्ती नाही, फिकह (धर्मकायद्याचं शास्त्र) शिकलोय थोडंफार, तेवढ्यावर सांगतो.

मुळात कुराणातली सूरह मोमिनून, आयत १२ ते १४. तिथे टप्पे येतात, नुत्फा (थेंब), मग अलका (चिकटलेली गाठ), मग मुदगा (मांसाचा गोळा), मग हाडं, हाडांवर मांस, आणि त्यानंतर "मग आम्ही त्याला एक वेगळीच निर्मिती बनवलं". या वेगळ्या निर्मितीचा अर्थ बहुतेक मुफस्सिरांनी (कुराणाचा अर्थ सांगणाऱ्यांनी) रूह फुंकणं असा घेतलाय. दिवसांचा आकडा आयतीत नाही, तो हदीसमधून (पैगंबरांच्या वचनांमधून) येतो. अब्दुल्लाह इब्न मसऊद यांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हदीस) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे, चाळीस दिवस एक टप्पा, मग तितकाच दुसरा, तितकाच तिसरा, मग फरिश्ता येतो आणि रूह फुंकतो. तीन वेळा चाळीस म्हणजे १२०. पण मुस्लिममध्येच हुजैफा इब्न असीद यांची दुसरी रिवायत आहे ज्यात ४२ रात्रींनंतर फरिश्ता येऊन आकार देतो, कान-डोळे बनवतो. म्हणून काही उलेमा चाळीसच्या आसपासच रेघ ओढतात. म्हणजे १२० हा आकडा मैत्रिणीला वाटतो तितका एकमताचा नाहीये.

आता महत्त्वाचं. "रूह नाही म्हणजे काहीच नाही" असं जुन्या फुकहांनी (कायदेपंडितांनी) सरसकट कधी म्हटलेलं नाही. हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे सुन्नी फिकहचे चार पंथ. हनफींमध्ये १२० दिवसांच्या आत गर्भ पाडायला परवानगी देणारं मत आहे हे खरं, पण तिथेच इब्न आबिदीन हे हनफी पंडित आपल्याआधीच्या काजीखानचं मत नोंदवतात ते बघा. इहराम बांधलेल्या (हजच्या पवित्र अवस्थेतल्या) माणसाने शिकारीच्या पक्ष्याचं अंडं फोडलं तर त्याला भरपाई द्यावी लागते, कारण अंडं हे त्या पक्ष्याचं मूळ आहे. मग माणसाचं मूळ विनाकारण नष्ट करणाऱ्यावर निदान गुनाह तरी नको का? मला हा दाखला फार जवळचा वाटतो, अंड्यात अजून पक्षी नाहीये हे फोडणाऱ्यालाही माहीत असतं आणि तरी भरपाई द्यावीच लागते. इमाम गझाली (वफात ११११) शाफई होते, ते अज्ल म्हणजे वीर्य बाहेर टाकणं आणि गर्भ पाडणं यांत फरक करतात. अज्लमध्ये अजून काही अस्तित्वातच आलेलं नसतं, पण दोघांचं पाणी एकत्र येऊन जीव घ्यायला तयार झालं की ते बिघडवणं ही जिनायत म्हणजे गुन्हा, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला ती वाढत जाते. मालिकी तर चाळीस दिवसांच्या आतही नको म्हणतात. हंबलींमध्ये काहींनी चाळीसच्या आत सूट दिलीय.

म्हणजे १२० दिवसांवरून गुन्हा किती मोठा ते ठरतं. तो आकडा म्हणजे आपोआप मिळालेली परवानगी नाही. सकारण आहे की विनाकारण, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभाच असतो.

अजून एक, हे सगळं जुनं लिखाण गर्भाशयातल्या गर्भाबद्दल आहे. काचेच्या डिशमधला गर्भ त्या लोकांनी पाहिलाच नव्हता. आयत १३ मध्ये शब्द आहे "करारे मकीन", पक्कं सुरक्षित ठिकाण, म्हणजे गर्भाशय. सूरह जुमर आयत ६ मध्येही आईच्या पोटात तीन अंधारांत घडवण्याचा उल्लेख आहे. आणि अरबीत गर्भाला जनीन म्हणतात त्याचं मूळच "लपलेलं" या अर्थाचं. त्यामुळे आजचे बरेच उलेमा म्हणतात की पाच दिवसांचा, गर्भाशयात कधी गेलाच नाही असा एम्ब्रियो हा फिकहच्या भाषेत जनीन नाही, त्याला गर्भपाताचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. विरोधी मतही आहे की फलन झालं तिथेच माणसाची सुरुवात झाली. अल्पमत आहे पण ते मांडणारे लोक हलके नाहीत.

एम्ब्रियोलॉजी_लॅबमधून

मी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्ये बरीच वर्षं काम करते आणि स्वतः नमाजी आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

आधी मामू काय म्हणतायत ते नीट घेऊ, कारण अर्धी गोष्ट ते बरोबर सांगतायत. पाचव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली जो ब्लास्टोसिस्ट दिसतो तो शेदोनशे पेशींचा गोळा असतो, मिलीमीटरच्या एक-दोन दशांश एवढा. बाहेरचा थर पुढे जाऊन नाळ-वार बनवतो आणि आतला पेशींचा पुंजका म्हणजे ज्यातून बाळ घडू शकतं. स्टेम सेल लाइन बनवायची तर तो आतला पुंजका काढून घेतात आणि मग तो एम्ब्रियो राहत नाही. १९९८ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसनच्या टीमने माणसाच्या पाच लाइन्स बनवल्या त्या अशाच, तुमची एच९ त्यातलीच एक. तेव्हा "काहीच नष्ट होत नाही" असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

पण ते एम्ब्रियो आले कुठून, हे मामूंना सांगा. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी ते बनवले होते, उपचारानंतर उरले आणि जोडप्यांनी लेखी संमती देऊन ते संशोधनाला दिले. कुणाच्या पोटातून गर्भ काढलेला नाही. हा फरक छोटा नाहीये, उलेमांची सगळी चर्चा याच फरकावर उभी आहे.

उरलेल्या एम्ब्रियोचं करायचं काय, यावर दोन मोठे ठराव आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीचा, ओआयसी म्हणजे इस्लामी देशांच्या संघटनेची, मार्च १९९० चा. त्यात म्हटलंय की मुळात लागतील तेवढीच बीजांडं फलित करा म्हणजे उरणारच नाहीत, आणि तरी उरलीच तर त्यांना वैद्यकीय मदत न देता सोडून द्या, नैसर्गिकरीत्या संपतील. तेव्हा स्टेम सेल लाइन नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती हे लक्षात घ्या, १९९८ अजून आठ वर्षं लांब होतं. दुसरा मक्केच्या फिकह अकादमीचा, राबिता म्हणजे मुस्लिम वर्ल्ड लीगवाली, डिसेंबर २००३ चा, आणि हा थेट स्टेम सेलवर आहे. त्यांनी जायज म्हटलेले मार्ग असे की मोठ्या माणसाच्या पेशी त्याच्या मर्जीने आणि त्याला इजा न होता, लहान मुलाच्या असतील तर वलीच्या (पालकाच्या) परवानगीने, नाळेतलं रक्त आईबापांच्या परवानगीने, आपोआप पडलेला किंवा शरीयतमध्ये मान्य वैद्यकीय कारणाने पाडावा लागलेला गर्भ, आणि आयव्हीएफमधून उरलेले फलित बीज, जर आईबापांनी दिलं असेल आणि ते कुठल्याही नाजायज गर्भधारणेत वापरलं जाणार नाही याची खात्री असेल तर. नाजायज म्हटलं ते असं की कारण नसताना मुद्दाम गर्भ पाडून घेतलेल्या पेशी, एकाचं बीजांड आणि दुसऱ्याचा शुक्राणू दान घेऊन खास संशोधनासाठी बनवलेला एम्ब्रियो, आणि क्लोनिंग करून बनवलेला.

यातली दुसरी गोष्ट हवेतली नाही. २००१ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका संस्थेने दात्यांकडून बीजांडं आणि शुक्राणू घेऊन फक्त स्टेम सेलसाठी एम्ब्रियो बनवले होते, त्यांनी ते उघडपणे प्रसिद्धही केलं. विज्ञान म्हणून त्या पेशी आणि एच९ सारख्याच दिसतील, मायक्रोस्कोपला फरक कळणार नाही, पण फिकहच्या नजरेत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीकडे मूल हवं म्हणून केलेला प्रयत्न होता आणि काही उरलं, दुसरीकडे नष्ट करायचं म्हणूनच बनवलं, वर लग्नाबाहेरची बीजं एकत्र केली, म्हणजे नसबचाही (वंशाचाही) प्रश्न आला.

मी स्वतः किती जोडप्यांना ते फॉर्म समजावून सांगितलेत. पुढे ठेवायचे, सोडून द्यायचे, की संशोधनाला द्यायचे. त्या खोलीत माणसं रडतात हो, कारण त्यांच्यासाठी तो गोळा म्हणजे शेदोनशे पेशी नसतात. म्हणून मला दोन्ही टोकाच्या भाषा आवडत नाहीत, "खून" ही पण नाही आणि "कचराच तर आहे" ही पण नाही. जे सोडून दिल्यावर संपणारच आहे त्यातून कुणाचा इलाज निघणार असेल तर ते देण्यात मला खैर दिसते, पण देणाऱ्याला नीट समजावलं होतं का हे मी प्रत्येक वेळी विचारते.

सावधपणे

राबिताचा ठराव मीही वाचलाय पण माझं मन तिथे अडतं. सद्द अज-जराए नावाचा उसूल आहे, वाईटाकडे नेणारी वाट आधीच बंद करायची. एकदा उरलेल्या एम्ब्रियोला किंमत आली की क्लिनिकला जास्तीचे बनवायचा मोह होणार नाही का? जिद्दाच्या ठरावातलं पहिलं वाक्यच "लागतील तेवढेच बनवा" असं आहे, ते सगळे विसरतात आणि उरलेल्यांवरच बोलत बसतात. शिवाय फायदा मिळवण्याआधी नुकसान टाळा हाही उसूलच आहे. आणि आता आयपीएस पेशी आहेत ना, जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ ला उंदराच्या आणि २००७ ला माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन स्टेम सेलसारख्या केल्या, २०१२ ला नोबेलही मिळालं. दुसरा मार्ग असताना मजबुरी कुठे राहिली? जरूरत असेल तर मना केलेलं चालतं, पण जरूरत खरीच हवी.

फिकहचा_तालिब

@सावधपणे हा मुद्दा मी हलका घेत नाही. एवढंच म्हणेन की जरूरतचा नियम तिथे लागतो जिथे मूळ गोष्ट हराम ठरलेली आहे. राबितावाल्यांनी उरलेल्या एम्ब्रियोच्या बाबतीत जरूरत म्हणून सूट दिली असं नाही, त्यांनी अटींसह मुळातच जायज म्हटलंय. ज्याला ते मुळात हराम वाटतं त्याच्यासाठी तुमचं आयपीएसवालं म्हणणं अगदी पक्कं आहे. सिंगापूरच्या मजलिसच्या (तिथल्या मुस्लिम धार्मिक परिषदेच्या) फतवा कमिटीनेही १४ दिवसांच्या आतल्या एम्ब्रियोच्या स्टेम सेल माणसांच्या भल्याच्या संशोधनाला वापरायला परवानगी दिलीय. हा १४ चा आकडा हदीसमधला नाही बरं का, तो ब्रिटनच्या १९८४ च्या वॉरनॉक कमिटीकडून आलाय, त्या सुमाराला एम्ब्रियोत शरीराची पहिली रेघ उमटते म्हणून. दोन्ही आकडे एकत्र करून बोलू नये.

जाफरी_वाचक

सगळी चर्चा सुन्नी फिकहवर चाललीय म्हणून शिया बाजू थोडक्यात. इराणमध्ये २००२ मध्येच आयतुल्लाह खामेनेई यांनी एम्ब्रियोनिक स्टेम सेल संशोधनाला परवानगी देणारा फतवा दिला आणि २००३ मध्ये तेहरानच्या रोयान इन्स्टिट्यूटने स्वतःची मानवी लाइन बनवली. रोयान १९९१ मध्ये वंध्यत्वाच्या उपचारासाठीच सुरू झालेली संस्था, म्हणजे उपचार आणि संशोधन एकाच छताखाली वाढलं.

आमच्याकडे गर्भाच्या दियतचा (जीव गेल्यावर द्यायच्या भरपाईचा) हिशोब टप्प्याटप्प्याने आहे, नुत्फ्याला २० दीनार, अलकाला ४०, मुदग्याला ६०, हाडं आली की ८०, मांस चढलं की १००, आणि रूह आल्यावर पूर्ण दियत म्हणजे १००० दीनार. इराणच्या २०१३ च्या फौजदारी कायद्यात हेच टक्क्यांत लिहिलंय, आणि तिथे पहिल्याच पायरीला शब्द आहेत "गर्भाशयात स्थिरावलेला नुत्फा". डिशमधल्या एम्ब्रियोचा प्रश्न इथे जवळजवळ सुटतोच की. पण दियत २० दीनार असली तरी ती शून्य नाही हेही बघा, वर अंड्याचा दाखला दिलाय तेच हे. एक फरक सांगायला हवा, इराणमध्ये २००३ पासून विवाहित जोडप्याचा एम्ब्रियो दुसऱ्या निपुत्रिक जोडप्याला द्यायचा कायदा आहे, सुन्नी अकादम्या ते मान्य करत नाहीत. त्यामुळे तिथे उरलेल्या एम्ब्रियोला तिसरा रस्ताही आहे.

सेलकल्चरवाला

मी बायोटेक कंपनीत सेल कल्चर करतो. ताईंचा तिसरा प्रश्न कुणी घेतलाच नाही अजून, विकण्याचा.

माणसाचं शरीर किंवा त्याचा भाग विकणं नाही, यावर उलेमांचं जवळपास एकमत आहे, आधार सूरह बनी इस्राईल आयत ७०, "आम्ही आदमच्या लेकरांना इज्जत दिली". अवयव दान जायज मानणारेही विक्री नाजायज म्हणतात. म्हणून एम्ब्रियो देणाऱ्या जोडप्याला पैसे दिले असतील तर तिथेच गडबड झाली. पण पुढे लॅबने पेशी वाढवल्या, गोठवल्या, टेस्ट केल्या, त्या मेहनतीचे आणि साहित्याचे पैसे घेणं वेगळं, असं मला एका मुफ्तीसाहेबांनी सांगितलं आणि ते पटलं. औषध तपासणीची सेवा विकणं तर अजूनच लांबची गोष्ट झाली, कारण तिथे ग्राहकाला पेशी मिळतच नाही, रिपोर्ट मिळतो. लाइनवर पेटंट घ्यावं का हा मात्र अवघड प्रश्न आहे. जॉर्डनने २०१४ मध्ये स्टेम सेलवर कायदा केला, अरब जगातला पहिलाच, आणि त्यात मानवी एम्ब्रियोनिक पेशींचं काम खासगी कंपन्यांना करू दिलेलं नाही, ते सरकारी किंवा सरकारी मदतीच्या संस्थांपुरतंच ठेवलंय. मी स्वतः खासगीत आहे तरी मला त्यामागची काळजी समजते, जिथे नफा आहे तिथे फॉर्मवरची सही घाईत घेतली जाते.

आणि एक गोष्ट जी घरचे विचारत नाहीत पण तुम्हाला रोज समोर येईल. पेशी डिशपासून सुट्या करायला ट्रिप्सिन वापरतात, ते पारंपरिकरीत्या डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. औषध तपासणीत पेशी कुणाच्या शरीरात जात नाहीत म्हणून खाण्या-टोचण्याचा प्रश्न नाही, पण नजिस (अपवित्र) वस्तू हाताळणं आलं. उलेमांमध्ये इस्तिहाला म्हणजे वस्तूचं रूप पूर्ण पालटलं की हुकूमही पालटतो यावर चर्चा आहे, १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक मेडिकल सायन्सेस संघटनेच्या बैठकीत जिलेटिनबद्दल तसं मान्यही केलं होतं. पण ट्रिप्सिनमध्ये रूप पालटतं का? ते तर काढून शुद्ध केलेलं एन्झाइमच आहे, मला ती ओढाताण वाटते. सुदैवाने आता डुकराचं नसलेलं रिकॉम्बिनंट एन्झाइम मिळतं आणि त्याने काम छान होतं, मी तेच वापरतो. गाइडना आधीच विचारून ठेवा, बहुतेक जण हो म्हणतात कारण प्राण्याचं साहित्य कमी केलेलं त्यांनाही हवंच असतं.

एम्ब्रियोलॉजी_लॅबमधून

दुसरा प्रश्नही राहिला, जुन्या लाइनचा. एच९ चा मूळ एम्ब्रियो लाइन बनली तेव्हाच संपला. आज तुम्ही डिश उघडली किंवा नाही उघडली तरी त्यात बदल होत नाही, आणि तुमच्या कामासाठी नवा एम्ब्रियो लागत नाही, त्याच पेशी वाढत राहतात. काही लोक म्हणतात की वापरल्याने मागणी वाढते, म्हणजे @सावधपणे यांचाच मुद्दा. जुन्या लाइनला तो कमी लागतो, नवी लाइन बनवायच्या प्रोजेक्टला पूर्ण लागतो. पीएचडीत पुढे कधी "आपण स्वतःची लाइन बनवू" असं निघालं तर तेव्हा परत थांबून विचार करा, आजचं उत्तर तेव्हा चालेलच असं नाही.

बायोटेक_विद्यार्थिनी

जजाकल्लाह खैर, सगळ्यांना. दोन दिवस हे परत परत वाचत होते. काल रात्री मामूंसमोर बसले आणि आधी हेच सांगितलं की तुम्ही म्हणता ते खरं आहे, एम्ब्रियो नष्ट होतो. त्यांना ते आवडलं की मी लपवलं नाही. मग पक्ष्याच्या अंड्याचं सांगितलं आणि ते खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की जोडप्याने दिलं होतं याचा कागद बघितलास का? नव्हता बघितला. आज लॅबला मेल केलाय, तीन गोष्टी विचारल्यात, लाइनच्या संमतीची कागदपत्रं बघायला मिळतील का, माझ्या कामात क्लोनिंग किंवा नवीन लाइन बनवणं येणार आहे का, आणि ट्रिप्सिनऐवजी रिकॉम्बिनंट चालेल का. @सावधपणे, आयपीएसचंही विचारलंय, अर्धे प्रयोग त्यावर करता येतील का म्हणून. संमतीच्या कागदावर मामू आमच्या ओळखीच्या मुफ्तीसाहेबांशी स्वतः बोलणार आहेत, मी सोबत जाणार आहे. उत्तर आलं की इथे लिहीन.